अंश छापता, तसा छेदही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा आपल्या अंकात पहिल्या पानावर एक बातमी होती. हृदय जवळपास निकामी झालेल्या एका गृहस्थांच्या छातीत पंप बसवला आणि तिसऱ्या आठवड्यात ते स्वतःच्या पायांनी घरी गेले. फोटोत पुष्पगुच्छ, डॉक्टरांचा चमू, पेढ्यांचा बॉक्स, मागे रुग्णालयाचा फलक. मथळा होता ‘कृत्रिम हृदयाने दिले जीवदान’. बातमी वाचून बरे वाटले, खोटे कशाला बोलू. माझ्या यजमानांच्या छातीत २०२२ पासून असाच पंप आहे. त्या तीन आठवड्यांत घरच्यांचे काय होते ते मला माहीत आहे.

पण त्या बातमीत एक गोष्ट नव्हती, आणि आजवर वाचलेल्या अशा कुठल्याच बातमीत ती मला सापडलेली नाही. असे पंप बसवलेल्यांपैकी वर्षाने, दोन वर्षांनी, पाच वर्षांनी किती जण हयात असतात, आणि असतात ते कोणत्या अवस्थेत? मी निवृत्त होईपर्यंत माध्यमिक शाळेत गणित शिकवले. नुसता अंश लिहून छेद रिकामा ठेवणाऱ्या मुलाला मी कधी मार्क दिले नाहीत. आपण घरी गेलेला एक माणूस छापता. तो कितीतला एक, हे छापत नाही.

आधी थोडे यंत्राविषयी, कारण ‘कृत्रिम हृदय’ म्हटले की लोकांना वाटते जुने हृदय काढून टाकले. तसे काही नसते. हृदय जागच्या जागी राहते. त्याच्या डाव्या कप्प्याच्या टोकाला साधारण २०० ग्रॅमचा पंप शिवतात. तो कप्प्यातले रक्त ओढतो आणि एका नळीतून महाधमनीत सोडतो. आतली चकती चुंबकाच्या जोरावर अधांतरी फिरते, मिनिटाला हजारो फेरे. पंपाची वायर पोटाच्या कातडीतून बाहेर येते, कमरेच्या कंट्रोलरला जोडलेली असते आणि कंट्रोलरला दोन बॅटऱ्या. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एल-व्हॅड म्हणतात. आमच्या घरात नुसते ‘मशीन’.

आमच्या यजमानांचे हृदय पसरलेले होते. शेवटी शेवटी इको काढला की डॉक्टर आकडा मोठ्याने सांगत नसत. रात्री आडवे झोपता येत नव्हते, दम लागायचा. आरामखुर्चीत उशा लावून बसल्या बसल्या डुलकी घ्यायची. न्हाणीघरापर्यंत जाणे हा दिवसभराचा व्यायाम. फुप्फुसातला दाब फार वाढल्यामुळे दुसऱ्याचे हृदय बसवणे जमणार नाही, म्हणून पंप. निर्णयाला आमच्याकडे चार दिवस होते. त्या चार दिवसांत मी रुग्णालयात (नाव लिहीत नाही, मुंबईतले आहे एवढेच) एक साधा प्रश्न विचारला. तुमच्याकडे असे पंप आजवर किती जणांना बसवले, आणि त्यातले दोन वर्षांनंतर किती हयात आहेत? उत्तर मिळाले, “काकू, ते पेशंटवर असतं.” मी पुन्हा विचारले. मग एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका हातात दिली. आत आलेख होता, सुबक. खाली बारीक अक्षरात लिहिले होते की आकडे अमेरिकेतले आहेत. “हे तुमचे नाहीत ना?” असे विचारल्यावर समन्वयक बाई फाईल चाळायला लागल्या.

माणसे वाईट नव्हती. शस्त्रक्रिया उत्तम झाली, आजही फोन केला की उचलतात. पण ज्या प्रश्नावर घरातली माणसे होय किंवा नाही म्हणणार, त्याचे उत्तर त्यांच्याकडे तयार नव्हते. आणि ते तयार ठेवायला त्यांना कोणी भाग पाडत नव्हते, हे त्याहून गंभीर.

मग मीच वाचायला बसले. मुलीने मूळ निबंध काढून दिले, कठीण शब्द समजावले. टक्के मला समजावायची गरज नव्हती. त्यात जे सापडले ते आपल्या वाचकांसाठी लिहिते. अशा वेळी कोणाच्या घरी काय निर्णय घ्यायचा, त्याला याचा उपयोग होईल.

पहिली मोठी चाचणी अमेरिकेत झाली, २००१ साली प्रसिद्ध झाली. रुग्ण १२९, सगळे हृदयरोपणाला अपात्र. निम्म्यांना तेव्हाचा धडधडणारा जाड पंप, निम्म्यांना फक्त औषधे. वर्षाने पंपवाल्यांपैकी ५२ टक्के हयात, औषधांवरचे २५ टक्के. दोन वर्षांनी २३ आणि ८. म्हणजे पंपाने फायदा झाला हे खरे, आणि दोन वर्षांत पंपवाल्या चौघांतले तिघे गेले हेही खरे. ‘जीवदान’ हा शब्द यातल्या कुठल्या ओळीपुढे लिहायचा ते ज्याचे त्याने ठरवावे. पुढे सतत फिरणारे पंप आले. त्यांच्या पहिल्या पिढीतल्या ‘हार्टमेट टू’ने २००९ च्या चाचणीत दोन वर्षांनी हयात असण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांवर नेले. मग त्याची तुलना चुंबकावर फिरणाऱ्या ‘हार्टमेट थ्री’शी झाली. अमेरिकेतली ६९ केंद्रे, हजाराहून थोडे जास्त रुग्ण.

या तुलनेतला एक भाग मी दोनदा वाचला. नुसते जिवंत किती एवढेच मोजले, तर दोन वर्षांपर्यंत दोन पंपांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पाच वर्षांचा हिशेब २०२२ मध्ये आला तेव्हा तो दिसला. नव्या पंपाचे ५८ टक्के हयात, जुन्याचे ४४. दोन वर्षांना जो फरक कळला नाही, तो तिसऱ्या आठवड्यात पेढे वाटताना कसा कळावा?

फरक कशामुळे पडला तेही वाचण्यासारखे आहे. जुन्या पंपात रक्ताची गाठ धरून पंप तुंबल्याची शंका येण्याचे प्रमाण दोन वर्षांत जवळपास १४ टक्के होते. नव्यात ते दीड टक्क्याच्याही खाली आले. पक्षाघाताचे प्रमाण १९ टक्क्यांवरून १० वर. हे मोठे यश आहे आणि ज्यांनी ते मिळवले त्यांना नमस्कार. पण त्याच तक्त्यात पुढे असेही आहे की नवा पंप बसवलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना दोन वर्षांत कुठे ना कुठे रक्तस्राव झाला, आणि रुग्ण वर्षाकाठी सरासरी दोनाहून जास्त वेळा पुन्हा रुग्णालयात भरती झाले. पोटातल्या वायरीच्या जागी होणारा जंतुसंसर्ग नव्या पंपानेही कमी झाला नाही. हे आम्हाला आधी कोणी सांगितले असते तरी आम्ही होच म्हटले असते. पण पहिल्यांदा रक्तस्राव झाला तेव्हा ‘आता संपले’ म्हणून जे घर रडले, ते रडले नसते.

आमच्याकडे तो प्रकार पहिल्या वर्षात झाला. शौचाला काळीभोर झाली, तोंड पांढरे पडले, हिमोग्लोबिन सहावर. कारण नंतर कळले. पंपातून जाताना रक्त गोठवणारे एक प्रथिन तुटत राहते, आतड्यातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात, आणि वर पंपात गाठ होऊ नये म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालूच. त्यात वॉरफरीनसोबत ॲस्पिरीनही असे, कारण पूर्वापार तसेच देत आले होते. २०२३ च्या शेवटी एका चाचणीचा निकाल आला. सहाशेहून अधिक रुग्णांत निम्म्यांना ॲस्पिरीन दिले, निम्म्यांना नुसती तशीच दिसणारी गोळी. ॲस्पिरीन नसलेल्यांत गाठी वाढल्या नाहीत, रक्तस्राव मात्र तिसऱ्या हिश्श्याने कमी झाला. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी स्वतःहून ॲस्पिरीन बंद केले. त्यानंतर आजवर तसा रक्तस्राव नाही. एका घरावरून काही सिद्ध होत नाही हे मी जाणते, पण एवढे नक्की, की ती गोळी बंद झाली ती कोणीतरी दूरदेशी घरी गेलेल्या रुग्णांची नोंद ठेवत राहिले म्हणून.

अशी नोंद नसेल तर काय होते? २०११ च्या सुमारास ‘हार्टमेट टू’ पंप एकाएकी जास्त तुंबायला लागले. कंपनीच्या जाहिरातीत ते दिसले नाही. क्लीव्हलँड, सेंट लुईस आणि ड्यूक इथल्या तीन केंद्रांनी आपापल्या वह्या एकत्र केल्या, आठशेच्या वर रुग्ण पाहिले, तेव्हा लक्षात आले की तीन महिन्यांत तुंबण्याचे प्रमाण दोन टक्क्यांवरून आठाच्या वर गेले आहे. दुसरा पंप हार्टवेअर कंपनीचा. त्याला अमेरिकेत २०१२ मध्ये परवानगी मिळाली आणि जून २०२१ मध्ये तो विक्रीतूनच काढून घ्यावा लागला. इतर पंपांच्या तुलनेत मेंदूचे आघात आणि मृत्यू जास्त, शिवाय बंद पडल्यावर पुन्हा सुरू न होण्याचा धोका. तोवर हजारो लोकांच्या छातीत तो फिरत होता. हा पंप आपल्याकडेही बसवला गेला होता. त्यातल्या किती जणांना घरी फोन गेला?

हा प्रश्न मी उगाच विचारत नाही. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने ‘हार्टमेट’ पंपांविषयी सर्वांत वरच्या दर्जाची सूचना काढली. पंपातून महाधमनीकडे जाणाऱ्या नळीवर एक आवरण असते. नळी आणि आवरण यांच्यामध्ये वर्षानुवर्षे साका जमतो, नळी बाहेरून दाबली जाते, रक्ताचा प्रवाह घटतो. साधारण दोन वर्षे उलटल्यावर हे सुरू होते. तोवर १४ मृत्यू या कारणाने नोंदले गेले होते. पंप काढायची गरज नव्हती, पण प्रवाह कमी असल्याचा इशारा वाजला तर सीटी स्कॅन करून तिकडे पाहायचे, एवढे डॉक्टरांना माहीत हवे. यजमानांच्या छातीत याच जातीचा पंप आहे. ही सूचना आम्हाला परदेशातल्या भाच्याने पाठवली. रुग्णालयाला विचारल्यावर “हो, आलं आहे तसं” असे उत्तर मिळाले.

अमेरिकेच्या आकड्यांवर आपण का विसंबू नये, याचे आणखी एक कारण म्हणजे आमचे गाव. त्या चाचणीतला रुग्ण कुठे राहतो आणि आजारी पडला की कोणाच्या हाती लागतो, हे त्या ५८ टक्क्यांत मिसळलेले आहे. आम्ही कराडात राहतो. रुग्णालय मुंबईत. जुन्या घराचे अर्थिंग नावापुरते होते. मशीन घरी येण्याआधी वायरमन बोलावून परसात खड्डा खणला, मीठ-कोळसा घालून नवी पट्टी पुरली, तपासून घेतली, मगच रात्रीच्या युनिटची पिन भिंतीत घातली. रात्री भिंतीतल्या विजेवर, दिवसा बॅटऱ्यांवर. बॅटरी बदलताना एका वेळी एकच काढायची, दोन्ही कधीच नाही. पहिल्या महिन्यात आम्ही हे भिंतीवर खडूने लिहून ठेवले होते. वीज गेली तर इन्व्हर्टर, तो बसला तर चार्ज केलेल्या बॅटऱ्या, आणि सगळेच गेले तर कंट्रोलरच्या पोटात पंधरा मिनिटांची बॅटरी असते. दुरुस्तीसाठी लाईन बंद ठेवायची असेल तेव्हा आमच्या भागातला वायरमन आदल्या संध्याकाळी फोन करतो. त्याला कोणी सांगितलेले नाही. एकदा घरी येऊन चहा पिताना त्याने मशीन पाहिले, तेव्हापासून.

ड्रेसिंग मी करते. पंखा बंद, दार लोटलेले, दोघांच्या तोंडाला मास्क. जुनी पट्टी काढताना वायर एवढीशीही ओढली जाता कामा नये; आत मांस तिला धरून बसलेले असते, ते सुटले की जंतूंना वाट मिळते. मग निर्जंतुक हातमोजे, औषधाच्या काडीने भोकापासून बाहेर गोल गोल, वाळू द्यायचे, फुंकर मारायची नाही. नवी पट्टी, आणि वायर हलू नये म्हणून बाजूला चिकटणारी पकड. यजमानांना जन्मभर नाडीच्या लेंग्याची सवय. नाडी नेमकी वायरीवर काचायची. आता पँट, आणि ती खांद्यावरून गॅलिसने धरलेली. नात त्यांना ‘हवालदार’ म्हणते. पोहणे कायमचे बंद; वायर भिजवायची नाही, म्हणून आंघोळही झाकूनपाकून. कृष्णा-कोयनेच्या संगमापर्यंत रोज संध्याकाळी चालत जातात, यशवंतरावांच्या समाधीपाशी बसतात, पण पाण्यात पाय सोडत नाहीत. जो माणूस न्हाणीघरापर्यंत जाऊ शकत नव्हता, तो प्रीतिसंगमापर्यंत जाऊन येतो, हासुद्धा निकालच आहे, आणि तोही आकड्यांत मांडता येतो. चाचण्यांत सहा मिनिटांत किती मीटर चालता येते तेही मोजतात. आपल्या बातम्यांत तेही नसते.

एकदा उन्हाळ्यात जुलाब होऊन अंगातले पाणी गेले, घेरी येऊन पडले. जवळच्या एका दवाखान्यात नेले. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने मनगट धरले, गळ्याला बोटे लावली, रक्तदाबाचे यंत्र गुंडाळले. यंत्रावर एरर. नाडी नाही म्हणून तो छाती दाबायच्या तयारीला लागला. या पंपाने रक्त एकसारखे वाहते, ठोक्या-ठोक्याने नाही, त्यामुळे पुष्कळांची नाडी बोटाला लागतच नाही आणि नेहमीचे यंत्र दाब दाखवत नाही. मी त्याचाच स्टेथोस्कोप घेऊन छातीला लावला आणि त्याच्या कानात घातला. आत मोटरची गुणगुण चालू होती. मग बॅगेतला छोटा डॉपलर काढला, कोपराच्या आत जेली लावली, दाब मोजून दाखवला, पन्नासच्या आसपास. त्यांचा सत्तर ते नव्वदच्या मध्ये लागतो. सलाईन लागले, तासाभरात डोळे उघडले. पोरगा हुशार होता, नंतर खूप प्रश्न विचारले. पण मी तिथे नसते तर? अमेरिकेतल्या ६९ केंद्रांच्या आलेखात हा दवाखाना नाही.

तपासणीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर सोलापूरकडचे एक कुटुंब भेटायचे. त्यांचा मुलगा तिशीतला, पंप आमच्या आधीचा. घरी जातानाचा त्याचा फोटो एका वर्तमानपत्रात आला होता, कात्रण त्याच्या आईच्या पर्समध्ये घडी घालून असे. दुसऱ्या वर्षी त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. ती बातमी कुठे आली नाही. येण्यासारखी ती नव्हतीच, कोणाचा दोष नव्हता. पण आपल्या वाचकांच्या हिशेबात तो मुलगा अजून ‘जीवदान मिळालेला’ म्हणूनच जमा आहे.

आणि त्याच्यावरून एक प्रश्न आमच्या घरात आला, जो सही घेताना कोणी काढला नव्हता. असा आघात झाला, माणूस शुद्धीवर येण्याची आशा उरली नाही, आणि मशीन मात्र रक्त फिरवत राहिले, तर? ते कोणी थांबवायचे, कधी, कोणाच्या सांगण्यावरून? यजमान एका संध्याकाळी चहा पिताना म्हणाले, “मशीन चालू आणि मी नाही, असं करू नका.” अमेरिकेत सरकारी विम्याने २०१३ पासून अट घातली आहे की कायमस्वरूपी पंप बसवणाऱ्या चमूत वेदनाशामक आणि अंतकाळच्या काळजीचा तज्ज्ञ हवाच. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली, २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आम्ही ते करून ठेवले आहे, नोटरीकडे जाऊन, दोन साक्षीदारांसमोर. वकिलांना पंप म्हणजे काय हे समजावण्यात अर्धा तास गेला. हा कागद शस्त्रक्रियेआधी रुग्णालयानेच पुढे करायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो अपशकुन नाही.

पैशाविषयी थोडक्यात. पंप आणि शस्त्रक्रिया मिळून खर्च कोटीच्या घरात जातो. यजमान सरकारी कंपनीतून निवृत्त झालेले, तिच्या वैद्यकीय योजनेमुळे आमचे निभावले. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख आहे. शिवाय बॅटऱ्या तीन वर्षांत बाद होतात आणि त्या पुन्हा घ्याव्या लागतात, हा खर्च बातमीत कधीच नसतो. जमीन विकून पंप बसवणाऱ्या माणसाला निदान छेद सांगा, एवढेच म्हणणे आहे.

हे सगळे अशक्य कोटीतले नाही. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने २०१३ मध्ये त्या एका जिल्ह्यातल्या १८ रुग्णालयांत हृदय कमजोर होऊन भरती झालेल्या १२०५ रुग्णांची यादी केली आणि पाच वर्षे त्यांचा माग ठेवला. पाच वर्षांत ५९ टक्के गेले होते. आकडा भीषण आहे, पण आहे, आणि छापलेला आहे. केरळातल्या एका जिल्ह्यात बाराशे जणांचा माग ठेवता येतो, तर महाराष्ट्रात पंप बसवलेले कितीसे असतील? अवयवदानाची प्रतीक्षायादी सांभाळणाऱ्या विभागीय समित्या आपल्याकडे मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे वर्षानुवर्षे काम करत आहेत. केईएममध्ये राज्य आणि विभागाचे कार्यालय आहे. तिथेच एक रजिस्टर उघडावे. कोणत्या केंद्राने कोणत्या जातीचा पंप कधी बसवला, महिन्याने, वर्षाने, दोन आणि पाच वर्षांनी रुग्ण कसा आहे, कितीदा भरती झाला, गेला असेल तर कशाने. रुग्णाचे नाव नको. केंद्राचे नाव हवे. अमेरिकेत असे रजिस्टर २००६ पासून चालू आहे.

केईएमचे नाव आले म्हणून सांगते. फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तिथेच भारतातले पहिले हृदयरोपण केले, त्याच वर्षी दुसरेही. दोन्ही रुग्ण काही तासच जगले. हे तास आज सगळ्यांना माहीत आहेत, आणि त्यामुळे डॉ. सेन यांचा मान तसूभरही कमी झालेला नाही. आजची रुग्णालये एवढी कशाला घाबरतात?

आपल्या वार्ताहरांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी अशा पत्रकार परिषदेला गेलात तर पेढा जरूर खा आणि तिथेच विचारा, की आजवर किती बसवले, त्यातले वर्षाने किती, दोन वर्षांनी किती. उत्तर मिळाले तर बातमीत छापा. नाही मिळाले तर ‘विचारले असता आकडेवारी उपलब्ध झाली नाही’ असे एक वाक्य छापा. आणि वर्षभराने त्याच गृहस्थांच्या घरी एक फोन करा.

आमचे यजमान स्वतःची सगळी माहिती, भरती झालेल्या तारखा आणि आयएनआरच्या (रक्त किती पातळ आहे ते दाखवणाऱ्या तपासणीच्या) वहीसकट, अशा कुठल्याही रजिस्टरला द्यायला तयार आहेत. त्यांनी मला तसे लिहायला सांगितले आहे. माझा फोन नंबर सोबतच्या कागदावर आहे, दुपारी दोन ते चार सोडून कधीही करावा.

आपली,
एक नियमित वाचक, कराड
(नाव व पत्ता वेगळा कळवला आहे, कृपया छापू नये.)